बळी जाणारा देव आणि बळी घेणारे देव

१

एखाद्या धर्माच्या केंद्रस्थानी असलेली व्यक्ती कल्पित साहित्यात किंवा दृश्यमाध्यमात पात्र म्हणून अवतरली की तिच्याविषयीची चर्चा आपल्याकडे दोनच वाटांनी जाते. पहिली वाट भावना दुखावल्याची. दुसरी, भावना दुखावण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल कलावंताची पाठ थोपटण्याची. या वाटा वरवर परस्परविरोधी दिसत असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. कलाकृतीने त्या व्यक्तीचा मान राखला की नाही, एवढाच प्रश्न दोन्ही पक्षांना महत्त्वाचा वाटतो. चित्रण ज्या काल्पनिक विश्वात घडते त्या विश्वाच्या नियमांशी ते प्रामाणिक आहे काय, आणि ज्या कल्पनेमुळे ती व्यक्ती धर्माच्या केंद्रस्थानी आली त्या कल्पनेला कलाकृती भिडली आहे काय, हे प्रश्न कोणी विचारत नाही. वास्तविक समीक्षेचे काम या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांपासून सुरू व्हायला हवे.

नील गेमन यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेली ‘अमेरिकन गॉड्स’ ही अद्भुतरम्य मालिका या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. ‘स्टार्झ’ या अमेरिकी वाहिनीवर ती २०१७ ते २०२१ या काळात तीन पर्वांत दाखवली गेली. ब्रायन फुलर आणि मायकेल ग्रीन यांनी घडवलेल्या पहिल्या पर्वात येशू ख्रिस्त एकदा नव्हे, अनेकदा आणि अनेक रूपांत येतो. पर्वाच्या शेवटच्या भागात तर वसंतदेवता ऑस्टारा हिच्या प्रासादातील मेजवानीला गोरे, काळे, सावळे असे कितीतरी येशू एकाच वेळी उपस्थित असतात. हे दृश्य पाहून श्रद्धाळू प्रेक्षकाला ही विटंबना वाटेल, आणि पुरोगामी प्रेक्षकाला एकसंध, गौरवर्णी, पाश्चात्त्य येशूच्या प्रतिमेची ही विरचना वाटेल. प्रस्तुत लेखकाला या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या वाटतात. या मालिकेने ख्रिस्ताचा अवमान केलेला नाही. उलट तिने त्याच्याशी नको तितके सौजन्य दाखवले आहे. हे सौजन्यच तिचा मुख्य दोष आहे. आपण उभारलेल्या विश्वाला मुळातून प्रश्न विचारू शकेल अशा एकाच पात्राला तिने पाहुणा करून टाकले. आणि पाहुण्याला कोणी कामाला लावत नाही.

२

हे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी मालिकेच्या विश्वाचा मूलभूत नियम लक्षात घ्यावा लागेल. देशोदेशींहून अमेरिकेत आलेल्या माणसांनी आपापले देव सोबत आणले. माणसे भजतात तोवर देव जगतात. माणसे विसरली की देव कृश होतात, भुरटे धंदे करतात, शेवटी मरतात. दूरचित्रवाणी, संगणक, जागतिक बाजार यांचे नवे देव माणसांचे लक्ष स्वतःकडे ओढून घेत असल्यामुळे जुन्या देवांवर उपासमारीची पाळी आली आहे. त्यांची जमवाजमव करून नव्यांशी युद्ध पुकारू पाहणारा, मिस्टर वेन्स्डे या नावाने वावरणारा लबाड म्हातारा म्हणजे नॉर्स पुराणातील ओडिन. तुरुंगातून नुकताच सुटलेला शॅडो मून हा त्याचा नोकर.

देव भावाचा भुकेला, असे आपल्याकडे म्हणतात. मालिकेने ही म्हण अक्षरशः खरी केली आहे, असे म्हणायला हरकत नाही. फक्त येथे ‘भाव’ या शब्दाचा दुसरा, बाजारातला अर्थ अधिक लागू पडतो. देवाचे अस्तित्व त्याच्या मागणीवर अवलंबून आहे. त्याला लक्ष हवे, नाव हवे, आणि शक्यतो रक्त हवे. वेन्स्डेच्या प्रत्येक हालचालीमागे बळी मिळवण्याची धडपड आहे. मूळ कादंबरीत नसलेला आणि मालिकेने नव्याने निर्माण केलेला व्हल्कन हा देव तर बंदुकीच्या गोळ्यांच्या कारखान्याचा मालक झाला आहे. झाडलेली प्रत्येक गोळी ही त्याच्या नावाची प्रार्थना ठरते. अमेरिकी समाजात हिंसेला आलेले धार्मिक स्वरूप या कल्पनेतून फार प्रभावीपणे व्यक्त होते, हे मान्य केलेच पाहिजे. मालिका सामान्य नाही. म्हणूनच तिच्या अपयशाची चिकित्सा करणे योग्य ठरते.

देव ही माणसाची निर्मिती आहे हा विचार नवा नाही. लुडविग फॉयरबाखने १८४१ साली ख्रिस्ती धर्माच्या सारतत्त्वावरील ग्रंथात तो मांडला. परंतु फॉयरबाखच्या विवेचनात एक नैतिक आग्रह होता. माणसाने आपलेच श्रेष्ठ गुण देवावर आरोपित केले आहेत, ते त्याने परत मिळवावेत, असे त्याला म्हणायचे होते. मालिकेत हा आग्रह शिल्लक नाही. तेथे श्रद्धा म्हणजे उपभोग आणि देव म्हणजे प्रेक्षकसंख्येवर जगणारा नट. किती लोक पाहतात यावर कार्यक्रम चालू राहणार की बंद पडणार हे ठरवणाऱ्या माध्यमाने आपलाच व्यवहार देवलोकावर आरोपित केला, असे हे चित्र आहे. फॉयरबाखचा सिद्धान्त या मालिकेला लागू करायचा तर तो असा लागू होतो.

आता या विश्वात येशू ख्रिस्ताला आणून उभे करा. सुरुवातीलाच एक अडचण उद्भवते. इतर सर्व देव उपाशी आहेत; हा मात्र सुखवस्तू आहे, कारण त्याला भजणारे कोट्यवधी आहेत. मालिकेला ही अडचण दिसते आणि तिचा विनोदी उपयोगही ती करून घेते. तथापि खरी अडचण संख्येची नाही, प्रकाराची आहे. इतर देव बळी घेतात. ज्याच्यामुळे ख्रिस्ती धर्म हा ख्रिस्ती धर्म झाला त्या कथेतला देव स्वतः बळी जातो. मराठीत ‘बळी घेणे’, ‘बळी देणे’ आणि ‘बळी जाणे’ या तीन क्रियापदांत एक संपूर्ण धर्मशास्त्र सामावलेले आहे. पौलाच्या पत्रांत ज्याला स्वतःला रिक्त करणे म्हटले आहे ती कल्पना, म्हणजे देवाने देवपण सोडून दासाचे मरण पत्करणे, मागणीवर जगणाऱ्या देवांच्या अर्थशास्त्रात बसतच नाही. ती खरी मानली तर वेन्स्डेचे सगळे राजकारण हास्यास्पद ठरते. खोटी मानली तर ती खोटी कशी, हे दाखवण्याची जबाबदारी कथेवर येते. यांपैकी काहीही करायला मालिका तयार नाही.

३

आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून मालिकेतील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू.

पहिला प्रसंग पहिल्या पर्वाच्या सहाव्या भागाच्या आरंभी येतो. रात्रीच्या अंधारात मेक्सिकोहून काही माणसे रिओ ग्रांदे नदी ओलांडत आहेत. एकाला पोहता येत नाही. तो बुडू लागतो. पाण्यावरून चालत आलेला एक माणूस त्याला वर काढतो. पलीकडच्या काठावर पोहोचताच गाड्यांचे दिवे लागतात आणि सशस्त्र टोळी गोळीबार करते. त्यांच्या बंदुकांना जपमाळा गुंडाळलेल्या आहेत. प्रभूच्या प्रार्थनेतील, देवाचे राज्य येवो ही मागणी त्यांच्या गोळ्यांवर कोरलेली आहे. पाण्यावरून आलेला तो माणूस हात पसरून इतरांच्या पुढे उभा राहतो. गोळ्या त्याच्या तळहातांतून आरपार जातात; वाऱ्याने गडगडत आलेले काटेरी झुडूप त्याच्या डोक्यामागे मुकुटासारखे थांबते. या प्रसंगात ख्रिस्ताचे नाव घेऊन ख्रिस्ताला मारले जाते. मारणाऱ्यांना आपण धार्मिक आहोत याविषयी शंका नाही. ज्याच्या राज्याची ते मागणी करतात तोच समोर उभा आहे आणि ते त्याला ओळखत नाहीत.

हा प्रसंग सूक्ष्म नाही. त्यातील प्रतीके ढोबळ आहेत. तरीही तो खरा आहे, कारण येथे येशू काहीतरी करतो. तो इतरांसाठी मरतो, आणि त्याच्या मरणातून मारणाऱ्यांचा न्याय होतो. सुवार्तेतील कथेचा सांगाडा येथे शाबूत आहे. ज्यांना या चित्रणात धर्मनिंदा दिसेल त्यांनी निंदा कोणाची होते आहे हे नीट पाहावे.

दुसरा प्रसंग आठव्या भागातील मेजवानीचा. जेरेमी डेव्हिस या नटाने साकारलेला मुख्य येशू अत्यंत मृदू, संकोची आणि किंचित भाबडा आहे. वेन्स्डे ऑस्टाराला चिथावतो: लोक तुझ्या सणाला अंडी रंगवतात, पण नाव घेतात त्याचे, तुला कोण भजते? हे बोलणे कानावर पडताच येशू ओशाळतो. आपण कोणाचा तरी सण बळकावला या जाणिवेने त्याला वाईट वाटते, आणि ऑस्टाराच त्याची समजूत काढते. पुढे तो तरणतलावाच्या पाण्यावर मांडी घालून बसलेला दिसतो आणि शॅडोशी श्रद्धेविषयी चार शब्द बोलतो. त्याचे काम एवढेच. त्याच्या देखत ऑस्टारा वसंत मागे घेते, रान करपते, युद्धाची नांदी होते. आणि ज्याच्या शिकवणीत शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा आहे तो या सगळ्यात काही बोलत नाही, काही अडवत नाही.

नदीकाठी जो न्याय करीत मरतो तो मेजवानीत क्षमायाचना करीत बसतो, हा केवळ लेखनातला हलगर्जीपणा मानता येणार नाही. नदीवरचा येशू गरिबांचा आहे, म्हणून त्याला कृती करू देणे मालिकेला परवडते. मेजवानीतला येशू देवांच्या पंगतीत बसला आहे. तेथे त्याने कृती केली असती तर पंगतच उठली असती.

मालिकेने घालवलेल्या संधीचा विचार केला म्हणजे तर हळहळ वाटते. त्या घरात त्या दिवशी टांगले गेलेले दोन देव एका छपराखाली होते. ओडिनही वृक्षाला टांगला गेला होता. ‘हावामाल’ या प्राचीन नॉर्स काव्यानुसार तो नऊ रात्री वाऱ्यात लटकत राहिला, भाल्याने विद्ध झाला, आणि हे अर्पण त्याने स्वतःच स्वतःला केले. त्यातून त्याला रूनलिपीचे गूढ ज्ञान मिळाले. क्रूस आणि वृक्ष, भाला आणि भाला. या साम्यात ख्रिस्ती कथेचा प्रभाव किती याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. पण भेद स्पष्ट आहे. एकाने ज्ञानासाठी आणि सामर्थ्यासाठी स्वतःला स्वतःलाच वाहिले. दुसऱ्याने, त्याच्या अनुयायांच्या श्रद्धेनुसार, इतरांसाठी. मालिकेला टांगण्याच्या प्रतिमेचे वावडे नाही. पहिल्याच भागात शॅडोला जमावाने फासावर चढवल्याप्रमाणे लटकावले जाते, आणि २०२१ साली तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो वेन्स्डेसाठी जागतिक वृक्षाला टांगला जातो. म्हणजे ही प्रतिमा मालिकेच्या आरंभी आणि शेवटी आहे. मध्यभागी ज्याच्याकडे तिच्याविषयी बोलण्याचा सर्वांत मोठा अधिकार, तो पाण्यावर बसून आहे. ओडिन आणि ख्रिस्त यांच्यात या विषयावर एक वाक्याचाही संवाद होऊ नये, हे नाट्यदृष्ट्या अक्षम्य आहे.

गेमन यांच्या कादंबरीत येशू जवळजवळ नाहीच. एका पात्राच्या तोंडी ओझरता उल्लेख येतो: कोणीतरी येशूला अफगाणिस्तानात रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करताना पाहिले, आणि त्याच्यासाठी कोणी थांबत नव्हते. देवाची सत्ता भूमीवर अवलंबून असते, हा कादंबरीचा सिद्धान्त या एका प्रतिमेत आहे. शिवाय न ओळखला जाणारा, रस्त्यावर ताटकळणारा ख्रिस्तही तिच्यात आहे. त्या ऐकीव उल्लेखात जेवढा येशू आहे तेवढा मेजवानीतल्या सगळ्या येशूंना एकत्र केले तरी भरत नाही.

४

मेजवानीच्या प्रसंगाची सारी मदार ज्या आरोपावर आहे तोही तपासला पाहिजे. ईस्टर हा मुळात ऑस्टाराचा सण. ख्रिस्ती लोकांनी तो चोरला, असे मालिका सांगते आणि येशूकडून त्याची कबुलीही वदवून घेते. हे विधान हल्ली इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला पुराव्याची गरज उरलेली नाही असे वाटू लागले आहे. पुरावा काय आहे? इंग्लंडमधील बीड या ख्रिस्ती भिक्षूने इ. स. ७२५ च्या सुमारास कालगणनेवर लिहिलेल्या ग्रंथात एक नोंद आहे: अँग्लो-सॅक्सन लोक एका महिन्याला इओस्त्रे या देवतेवरून नाव देत, आणि त्या महिन्यात पडणाऱ्या सणालाही तेच नाव चिकटले. या देवतेचा हा एकमेव लिखित उल्लेख. ‘ऑस्टारा’ हे तिचे जर्मन रूप याकोब ग्रिमने १८३५ साली अनुमानाने सिद्ध केले. १९५८ साली जर्मनीत सापडलेल्या रोमनकालीन शिलालेखांत मिळत्याजुळत्या नावाच्या मातृदेवता आढळल्या, त्यामुळे बीडचे म्हणणे अगदीच निराधार नसावे असे काही अभ्यासक मानतात. परंतु ससे, अंडी, कथा, विधी यांपैकी कशाचाही प्राचीन पुरावा त्या देवतेशी जोडता येत नाही.

याउलट सण मात्र त्या भेटीच्या कितीतरी आधीचा आहे. सार्दिसच्या मेलितोचे या सणावरील प्रवचन दुसऱ्या शतकातले. त्याच्या तिथीचा प्रश्न ३२५ साली निकायाच्या धर्मपरिषदेत चर्चिला गेला. रोमहून पाठवलेला धर्मप्रचारक ऑगस्टिन केंटच्या किनाऱ्यावर उतरला तो ५९७ साली. अडीचशेहून अधिक वर्षे आधी ज्याच्या तिथीवरून वाद झाले तो सण इंग्लंडच्या वसंतदेवतेकडून चोरलेला कसा असेल? उसने घेतले ते नाव, आणि तेही प्रामुख्याने इंग्रजी व जर्मन भाषांत. युरोपातील इतर बहुतेक भाषा हिब्रू ‘पेसाख’ वरून आलेली नावे वापरतात. गोव्यात ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात, वसईचे कॅथलिक ‘पास्का’ म्हणतात, आणि मराठी ख्रिस्ती माणूस ‘पुनरुत्थानाचा सण’ म्हणतो. त्यांच्यापैकी कोणाच्याही ओठांवर ऑस्टारा नाही. सबब मेजवानीतल्या बहुवर्णी येशूंपैकी बहुतेकांना त्या ओशाळलेपणाचे कारणच कळणार नाही. सगळ्या वर्णांचे येशू गोळा करून त्यांच्या वतीने एका इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती मालिकेने अपराध म्हणून कबूल केली आहे. यालाच बहुसंस्कृतिवाद म्हणायचे असेल तर तो इंग्रजी भाषेच्या उंबरठ्याबाहेर पडलेला नाही. विशेष म्हणजे ज्या मालिकेचा नायक ओडिनच्या वाराचे नाव धारण करतो तिला हे ठाऊक असायला हवे होते. बुधवारला ‘वेन्स्डे’ म्हणणारा इंग्रज ओडिनला भजत नाही. नाव राहते, देव जातो, हे तर तिचे स्वतःचेच सूत्र आहे.

५

याचा अर्थ ख्रिस्ती धर्माने कोणाचे काही हिरावून घेतलेच नाही, असा मुळीच नाही. हिरावून घेतले; पण त्याचा हिशेब अंड्यांत आणि सशांत नाही. त्यासाठी आपल्याला फार दूर जायला नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखालील सासष्टीत १५६७ साली देवळांचा सरसकट विध्वंस झाला. त्या काळात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. भक्तांनी आपले देव नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेर नेले. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, आणि पुढे तेथील गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. देवांचे स्थलांतर म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर ही उदाहरणे आहेत.

याच सासष्टीत, १५७९ साली गोव्याला आलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. नवख्रिस्ती ब्राह्मणाने जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी मागितले, या निमित्ताने तो सुरू होतो. देवळे पडल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेत हे पुराण उभे राहिले आहे. त्याची भाषा सुंदर आहे आणि त्याच्या जन्मामागे सत्तेची जबरदस्ती आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मराठी समीक्षेने या ग्रंथाशी व्यवहार करताना यांपैकी एक गोष्ट पुष्कळदा विसरली असेल, पण ताण अस्तित्वात आहे आणि तो ग्रंथाला अर्थ देतो. ज्याच्या मातृभाषेत ‘ईस्टर’ हा शब्द होता त्या इंग्रजाने परक्या भाषेत ख्रिस्त सांगताना त्या भाषेचे शब्द, छंद, पुराणाचा रूपबंध, सगळे पणाला लावले. त्याचा ख्रिस्त मराठी झाला म्हणून गुळमुळीत झाला नाही, तो मरतोच.

मालिकेतील ओशाळलेला येशू या इतिहासापुढे ठेवून पाहावा. मंगेशाची किंवा शांतादुर्गेची जागा घेतल्याबद्दल त्याला उत्तर द्यायचे असते तर मेजवानीतल्या दोन वाक्यांनी भागले नसते. धर्मसत्तेच्या हिंसेचे रूपांतर सणाच्या श्रेयावरील किरकोळ गैरसमजात केले की प्रश्न गोड होतो आणि सुटतोही. श्रद्धाळूला खिजवल्याचे समाधान मिळते. जित समाजांना त्यातून काहीच मिळत नाही.

बळीच्या कल्पनेला भिडण्याचा आणखी एक मार्ग मराठीत जोतीराव फुल्यांनी दाखवून ठेवला आहे. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी वामनाच्या कथेचे पारंपरिक वाचन उलटे केले आणि पाताळात गाडलेल्या बळीला न्यायी राजा मानले, आणि येशूला त्यांनी दुसरा बळीराजा म्हटले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना येशूचा मान राखायचा नव्हता की अवमानही करायचा नव्हता. बळी दिला गेलेला आणि राज्यावरचा हक्क न गमावलेला, असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात असल्याचे त्यांनी ओळखले आणि शूद्रातिशूद्रांच्या इतिहासासाठी ते वापरले. त्यांची व्युत्पत्ती आणि इतिहासलेखन आज कोणी तपासून पाहील आणि त्यांतील काही नाकारीलही; तरीही येशूला कृती करायला लावणारे हे वाचन आहे. परधर्मीयाने, किंबहुना कोणत्याही प्रस्थापित धर्माच्या चौकटीबाहेर उभ्या असलेल्या लेखकाने ख्रिस्ताचे चित्रण कसे करावे याचा हा एक वस्तुपाठ ठरावा.

६

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. मालिका म्हणजे ईशशास्त्राचा ग्रंथ नव्हे. मनोरंजनाकडून एवढ्या अपेक्षा कशाला? या आक्षेपाला उत्तर असे की अपेक्षा मालिकेनेच निर्माण केल्या आहेत. देव म्हणजे काय, माणूस कशाला भजतो, बळी कशासाठी, हे तिचे घोषित विषय आहेत. आणि अद्भुताची कथा वास्तववादी कथेहून अधिक काटेकोर असावी लागते. कारण तिचे नियम तिने स्वतः केलेले असतात, आणि ते मोडल्याचे खापर जगावर फोडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनेक येशू दाखवणे हेच मालिकेचे विधान नाही काय? प्रत्येक समाजाने आपापला येशू घडवला, कोणताही एक येशू मूळचा नाही, हे सत्य ती सांगत नाही काय? सांगते, परंतु हे सत्य आल्बर्ट श्वाइत्सरने १९०६ सालीच सांगून ठेवले आहे. येशूचे ऐतिहासिक चरित्र शोधू निघालेल्या प्रत्येक पिढीने आपलाच चेहरा त्यात पाहिला, हे त्याने चरित्रामागून चरित्र तपासून दाखवले. मात्र श्वाइत्सर तेथे थांबला नाही. आपण रंगवलेले सगळे येशू पुसून टाकल्यावर जो उरतो तो आपल्या काळाला अपरिचित, अस्वस्थ करणारा, जगाचा शेवट जवळ आला असे मानणारा एक परका आहे, या निष्कर्षापर्यंत तो पोहोचला. अनेकतेचे भान त्याला परकेपणाकडे घेऊन गेले. मालिकेला ते मेजवानीकडे घेऊन जाते. तिचे येशू वर्णाने वेगळे आहेत, वेशाने वेगळे आहेत, पण एकाचे दुसऱ्याशी मतभेद नाहीत. गुलामांचा येशू आणि गुलामांच्या मालकांचा येशू एका दालनात आले असते तर त्यांनी एकमेकांना काय विचारले असते? हा प्रश्न मनात येऊ नये इतकी ती पंगत सुरळीत चालते. भेद दिसतात आणि संघर्ष नाहीसा होतो. एकाच मालाची निरनिराळ्या प्रांतांसाठी निरनिराळी वेष्टने असावीत तसे हे आहे. समीक्षेने याला अनेकार्थता म्हणू नये.

ही एका मालिकेची तऱ्हा नाही. ‘सुपरनॅचरल’ ही मालिका २००५ ते २०२० अशी पंधरा पर्वे चालली; तिच्यात देवदूत आहेत, सैतान आहे, प्रत्यक्ष देवही लेखकाच्या वेशात येतो, पण येशूला स्थान नाही. गेमन यांनीच पटकथा लिहिलेल्या ‘गुड ओमेन्स’मध्ये (२०१९) क्रूसारोहणाचा प्रसंग आहे, आणि तेथे एक देवदूत व एक सैतान उभे राहून बोलतात: याने असे काय सांगितले की लोक एवढे चिडले? एकमेकांशी चांगले वागा, एवढेच. ऐकायला हे हृद्य वाटते. पण चांगले वागा म्हणणाऱ्याला रोमन सत्ता खिळे ठोकत नसते. मंदिरातील सराफांची चौरंगे उलथणारा, श्रीमंताला सर्व विकून टाक म्हणणारा, येऊ घातलेल्या राज्याची घोषणा करणारा माणूस यातून गळून पडतो आणि उरतो तो सुस्वभावी शेजारी. येशूला वगळणे, त्याला सुभाषित करणे आणि त्याला पाहुणा करणे या एकाच भीतीच्या तीन परी आहेत. ती भीती श्रद्धाळूंच्या रोषाची आहे असे समजले जाते. मला ती वेगळी वाटते. बळी घेण्यावर उभ्या असलेल्या विश्वात, मग ते देवांचे असो, वाहिन्यांचे असो वा सीमेवरच्या बंदुकांचे असो, बळी जाणारा खरोखर बोलू लागला तर ती कथा आहे तशी पुढे चालू शकणार नाही.

म्हणून मराठी समीक्षकाने अशा चित्रणापुढे उभे राहिल्यावर मान राखला की मोडला, हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्या व्यक्तीने कलाकृतीत काही केले काय, आणि तिने ते केल्यामुळे कलाकृतीच्या जगाला काही किंमत मोजावी लागली काय, हे विचारावे. या कसोटीवर ‘अमेरिकन गॉड्स’मधील मेजवानीचा प्रसंग टिकत नाही, नदीकाठचा प्रसंग टिकतो. मालिकेकडे खरा येशू होता. तिने त्याला नदीकाठी मरू दिले आणि पुन्हा उठू दिले नाही.